शेंगदाणा पाचवीत

उदगिरात, देगलूर रोडच्या लॅबमध्ये
लेकरू माझ्यापासून हातभर लांब बसवलेलं.
मी घाण्यावरून तसाच आलेलो,
भुवयांत दाण्यांच्या लाल सालींचा भुसा.

महानंदाताईंनी कोपराच्या वर रबर बांधलं,
शीर चाचपली, सापडेना.
"मूठ आवळ गं," म्हणाल्या, "फुटाणे धरल्यासारखी."
आणि स्वतःच जीभ चावली.
फुटाण्यांवरसुद्धा संशय होता ना आमचा.

कस्तुरी रडली नाही.
पिवळ्या टोपणाच्या नळीत रक्त चढताना तिनं विचारलं,
"हे बोलतं का?"
"बोलतं की. पण मुंबईला नेल्यावर."

बेचाळीसशे रुपये.
किती डबे तेल, हे मी मनात मोजलं
आणि मोजलं म्हणून लाजलो.
बर्फाच्या पेटीत चमचाभर रक्त
रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं निघालं,
मी अजून पाहिली नाही त्या मुंबईला.

चार दिवस आमच्या घरात
कुणी पोटभर जेवलं नाही.
काय खावं, हेच कळेना.

रिपोर्ट आला तीन पानांचा.
तिकडं तिच्या रक्ताला विचारलं होतं:
किवी? कोळंबी? हेझलनट? कॉड नावाचा मासा?
रक्त प्रामाणिक.
सगळ्यांना म्हणालं, ओळखत नाही.
अंबाडीचं कुणी विचारलंच नव्हतं,
कारळाचं नाही, हुलग्याचं नाही.
आमच्या चुलीपर्यंत तो कागद आलाच नव्हता.
तिळापुढं शून्य.
बायको तिथंच डोळे पुसायला लागली,
निदान संक्रांत तरी वाचली म्हणून.
हरभऱ्यापुढं एक.
आणि खाली, जाड ठशात,
शेंगदाणा: वर्ग पाच.

"मी दुसरीत," कस्तुरी म्हणाली,
"आन् शेंगदाणा पाचवीत?"

डॉक्टर बिराजदार हसले. मग हसायचे थांबले.
"हरभऱ्याचं सोडा. पिठलं खाते ना? काही होत नाही ना? मग खाऊ द्या.
नुसता आकडा म्हणजे निकाल नव्हे,
रक्त कधीकधी उगाच कुरकुरतं.
पण हा पाच उगाच नाही.
दिवाळीत चिवडा खाऊन ओठ सुजले होते, छाती घरघरली होती,
ते आणि हे एकच.
घाण्याचं तेल बंद. चटणी बंद. आणि तुम्ही..."
माझ्या शर्टाकडं बघून
पुढचं त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं.

तेव्हा मला तिच्या गालावरच्या गांधी आठवल्या.
रात्री नऊला मी यायचो, झोपलेल्या पोरीचा मुका घ्यायचो,
सकाळी त्याच जागी लाल, उठावदार,
नेमक्या माझ्या ओठांएवढ्या.
आई म्हणायची पित्त, आमसूल चोळायची.
शेजारीण म्हणायची दृष्ट.
मी म्हणायचो डास,
आणि दर महिन्याला नवीन अगरबत्ती आणायचो.

बापाचं नाव नव्हतं त्या तीन पानांत.
तपासणीला माझी एक कणभर धूळ पुरली असती.

आता घाण्यामागं नळी लावून अंघोळ करतो,
हिवाळ्यातसुद्धा.
दुसरा शर्ट खिळ्याला, पिशवीत बांधून.
मिशी काढली. (आई दोन दिवस बोलली नाही.)
करडईचा घाणा वाढवावा म्हणतो,
पण गिऱ्हाईक शेंगदाण्याचंच मागतं
आणि हप्ता करडईवर निघत नाही.

घरी पोचलो की ती उंबऱ्यात उभी असते.
हात पुढं करायचे, पालथे, मग उताणे.
ती नखं बघते, कॉलर हुंगते,
कानामागं बोट फिरवायला जाते, तर मी मागं सरतो.

काल बराच वेळ हुंगत राहिली.
मग कंबरेवर हात ठेवून, बाईंच्या आवाजात,
"अजून तिसरीत आहेस.
जा, परत धुऊन ये."